तयार धड्यातला नवरा

सोमवार, ४ मार्च

प्रिय ताई,

आधी रागावून घे, मग पुढे वाच. मी क्लास पुन्हा सुरू केला.

त्याच खोलीत. घड्याळजींच्या दुकानाच्या वर. जिना तसाच अरुंद आहे आणि उंच माणूस वळणावर अजूनही डोकं आपटून घेतो. भिंतीला रंग दिला, तरी आपली टाइपरायटरची टेबलं जिथे टेकायची तिथले ओरखडे दिसतातच. रंगाऱ्याला म्हटलं, ते राहू दे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पैसे रंगवायचे देताय की न रंगवायचे?"

आता तू विचारशील, शिकवतेस काय. एआय. हो, तेच, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात आणि कुणाला विचारलं तर "माझ्या मुलाला माहीत आहे" असं सांगतात. रोजच्या कामात ते कसं वापरायचं, एवढंच मी शिकवते. हल्ली अशा बाईला कोच म्हणतात. मला आधी ते आगगाडीच्या डब्यासारखं वाटायचं, आता सवय झाली.

तुझा पुढचा प्रश्नही मला ऐकू येतो: "तुला स्वतःला काय येतं गं?" ताई, मी तयार अभ्यासक्रम विकत घेतला. एक कंपनी विकते. पडद्यावर दाखवायची पानं, विद्यार्थ्यांच्या वह्या, गृहपाठ, जाहिरातीचा मजकूर, शेवटी द्यायचं प्रमाणपत्र, सगळं त्यात असतं. आणि रीतसर परवानगी असते की यावर तुमचं नाव घाला, हवं तसं बदला, शिकवा, फी घ्या. मूळ इंग्रजीत होतं. मी हिवाळाभर बसून सगळं आपल्या भाषेत आणलं आणि आणता आणता शिकले.

मशिनं विकलीस त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "काल शिकलेलं आज शिकवणं म्हणजे लबाडी." मी संगणक घेऊ या म्हणत होते आणि मी बाजारात गेलेली असताना तू मशिनं हातगाडीवर चढवून मोकळी झालीस. त्यानंतर तू लेकीकडे, समुद्रापलीकडे गेलीस, आणि मी दातांच्या दवाखान्यात लोकांना "थोडं थांबा" सांगत निवृत्त झाले. पण मला सांग, आपण टायपिंगचं पुस्तक तरी कुठे स्वतः लिहिलं होतं? तेही तयारच होतं. आपण फक्त पोरींच्या मनगटांवर पट्टी ठेवायचो.

भांडण उकरायला हे लिहीत नाही. दर वर्षी वाढदिवसाला तुझं कार्ड येतं, त्यावर छापलेल्या चार ओळी आणि खाली तुझी सही. मला छापलेलं नको. एक पत्र हवं, तुझ्या हातचं, तुझ्या बोलण्याचं. शिव्या असल्या तरी चालतील.

पहिला वर्ग छान झाला. एक बारीकशी गंमत झाली, ती नंतर कधीतरी.

तुझी,
छोटी

मंगळवार, १९ मार्च

प्रिय ताई,

पोस्टमन येऊन गेला. वीजबिल आणि चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. असो.

वर्गाची ओळख करून देते. पुढच्या रांगेत शिंपीणबाई. कपडे शिवून तयार असतात आणि गिऱ्हाइकं न्यायला येत नाहीत, हे त्यांचं दुःख. त्यांना गोड शब्दांत तगादा लावणारे निरोप लिहून हवे होते. आम्ही एआयला सांगितलं, त्याने इतका गोड निरोप लिहिला की त्या म्हणाल्या, "हा वाचून गिऱ्हाईक म्हणेल, बाईंना काही घाई दिसत नाही." मग मी शिकवलं, की त्याला परत सांगायचं: जरा कडक कर. तिसऱ्या वेळेला जमलं. दोन ब्लाउज आणि एक कोट त्याच आठवड्यात दुकानाबाहेर पडले.

त्यांच्या मागे कुलूपवाले. चाव्या बनवतात, अडकलेली दारं उघडतात. त्यांना दुकानाची जाहिरात हवी होती. एआयने लिहिलं, "आमची कुशल टीम आपल्या सेवेत तत्पर." त्यांनी ते मोठ्याने वाचलं. म्हणाले, "टीम म्हणजे मी आणि मांजर. मांजर तत्पर नाही." तिथून पुढचा सगळा तास मी तोच धडा घेतला: यंत्र जे लिहील त्यात खरं किती ते आपण तपासायचं. तयार अभ्यासक्रमात हा धडा फार शेवटी आहे. मी तो पुढे ओढला.

शेवटच्या बाकावर पोस्टमास्तर, निवृत्त. हो, आपलेच. तुला आठवतात ना, आपल्याकडे टायपिंग शिकायला यायचे आणि तू त्यांना "बोटं आहेत की बटाटे" म्हणाली होतीस? बोटं आता अधिकच बटाटे झाली आहेत. तुझी चौकशी करत होते.

ताई, लोक माझ्याशी फार मायेने वागतात. का, ते विचारू नकोस. शिंपीणबाई वर्गाला येताना माझ्यासाठी सूपचा डबा आणतात. कुलूपवाल्यांनी काल खोलीच्या दाराला नवं, भक्कम कुलूप बसवून दिलं आणि पैसे घेईनात. "असू द्या बाई," म्हणाले, "आता कुणाची हिंमत नाही." कुणाची, ते मी विचारलं नाही.

आणखी एक चांगली बातमी. दुसरी तुकडीही भरली. बेकरीतल्या दोघी बहिणी, नर्सबाई, शाळेच्या बसचे चालक. सगळ्यांना शिंपीणबाईंनी पाठवलं. माझ्या शिकवण्याची कीर्ती पसरली म्हणून, असं मी स्वतःला सांगते आहे.

वर्षानुवर्षं "थोडं थांबा" म्हटल्यावर "चला, सुरू करू" म्हणायला किती बरं वाटतं!

तुझी,
छोटी

मंगळवार, २ एप्रिल

प्रिय ताई,

ती गंमत. सांगूनच टाकते, कारण आता ती गंमत राहिलेली नाही.

पहिल्या धड्याचं पहिलं पान "प्रशिक्षकाची ओळख". त्यात एक उतारा होता. एक बाई सांगते: एका सकाळी माझा नवरा बॅग उचलून निघून गेला. पदरात जुळी मुलं. मी मेणबत्त्या करून विकत होते. मग एके दिवशी एआय भेटलं आणि माझं आयुष्य बदललं. ताई, मला तो उतारा फार आवडला. मी त्याचं भाषांतर मन लावून केलं. मुलांच्या स्वेटरला बटणं नव्हती हा तपशील तर मी माझा घातला.

आणि पहिल्या दिवशी तो वाचला.

आपल्या शाळेतल्या त्या उंच सिस्टर आठवतात? वक्तृत्वाच्या तासाला म्हणायच्या, छापलेलं आहे ते म्हणा, शब्द बदलू नका, पण जणू तुमच्यावरच गुदरलंय असं म्हणा. मी तसंच म्हटलं. कंसात सूचना होत्या, "इथे थांबा, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहा." मी थांबले, पाहिलं. "इथे आवाज हलका करा." केला. बॅगेपाशी आल्यावर माझा आवाज खरंच फुटला गं! आंतरशालेय स्पर्धेचा चषक उगाच नव्हता मिळाला.

मला वाटलं, हा वाचनाचा उतारा आहे, हे सगळ्यांना कळतंय. पान उलटलं तर शिंपीणबाई पदराने डोळे टिपत होत्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी माझा हात धरला. "जुळी कुठे असतात हल्ली?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण त्यांचे डोळे ओले, माझा हात त्यांच्या हातात, आणि माझ्या तोंडून निघालं, "बरी आहेत."

बस्स. बरी आहेत म्हणजे आहेत. दुसऱ्या आठवड्यात एकाला नोकरी लागली, दुसरी नर्सिंगला गेली. मी काही सांगत नव्हते गं, त्याच विचारायच्या, "एक तरी मार्गी लागला का?" आणि मी मान हलवायचे. कुलूपवाल्यांनी कुलूप बसवलं ते तो पळालेला परत येऊ नये म्हणून. दुसरी तुकडी भरली ती माझ्या शिकवण्याने नाही, माझ्या नवऱ्याने भरली. जो नाहीच, तो एवढा कामाचा निघाला!

घरी येऊन कंपनीचे उरलेले कागद उघडले. सगळ्यात खाली "आधी हे वाचा" नावाचं पान. त्यात स्पष्ट लिहिलेलं: ओळखीचा उतारा केवळ नमुना आहे, तिथे स्वतःची गोष्ट घालावी. तू नेहमी म्हणायचीस, छोटी शेवटची पायरी आधी चढते.

काल पोस्टमास्तर जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, तुमचं लग्न झालं, नवरा पळाला, जुळी मोठी झाली, आणि आमच्या पोस्टातून एक पत्रिकासुद्धा गेली नाही?"

मी तिथेच पायरीवर बसले.

"किती दिवस गालात हसताय?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. पण वाचलंत फार सुंदर. मलाही क्षणभर त्याचा राग आला."

मग माझ्या शेजारी बसून म्हणाले, "खरं सांगून टाका. आणि त्या जागी तुमची गोष्ट घाला. तुमची काय कमी आहे?"

माझी गोष्ट. ताई, ती सांगायला गेले की पहिल्याच वाक्यात तू येतेस.

तुझी,
छोटी

सोमवार, १५ एप्रिल

ताई, माझी ताई,

पत्र आलं! पत्र म्हणवत नाही, एका कागदावर दोनच ओळी, पण तुझ्या हातच्या. "नवरा कशावरून पळाला? आणि जुळ्यांची नावं काय ठेवलीस?"

मी जिन्यात उभी राहून इतकी हसले की घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून बाहेर आले. त्यांना कागद दाखवला. म्हणाले, "थोरल्या बाईंचंच अक्षर. एकही रेघ वाया नाही."

उत्तर देते. नवरा घोरतो म्हणून मीच घालवला. जुळ्यांची नावं ठेवायला तुझी वाट बघत होते, तुझ्याशिवाय या घरात कुणी कशाला नावं ठेवली आहेत?

आता कामाचं. सोमवारी, २९ तारखेला, संध्याकाळी सहाला मी दोन्ही तुकड्यांना एकत्र बोलावलं आहे आणि खरं सांगणार आहे. काही जण सोडून जातील. जाऊ देत. पण त्यानंतर पडद्यावर ते पान येईल, जिथे स्वतःची गोष्ट घालायची असते, आणि तिथे मला दुसरी उसनी गोष्ट नको आहे. मला आपली सांगायची आहे. दोन बहिणी, एक खोली, सकाळी सातपासून यंत्रांचा खडखडाट, ओळ संपली की टिंग. पोरी शिकून नोकरीला लागायच्या, पहिल्या पगाराची साखर घेऊन जिना चढायच्या. आणि मग एका सकाळी रिकामी टेबलं.

तिथे मी अडते. मशिनं का विकलीस, हे मला माहीत नाही, ताई. "काल शिकलेलं" हे कारण मी ऐकलं होतं, पण ते तुझ्या तोंडी छापील वाटलं होतं. तुझी बाजू मी माझ्या मनाने रचून सांगितली तर ती आणखी एक पळालेला नवराच होईल. तेव्हा तू सांग. लिही, किंवा नको म्हण. नको म्हणालीस तर ते पान मी कोरं ठेवीन आणि सरळ दुसऱ्या धड्यावर जाईन.

पण मला ते कोरं ठेवायचं नाही.

तुझी,
छोटी

मंगळवार, ३० एप्रिल

प्रिय ताई,

तू फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लगेच लिहायला बसले. आणि तुझा फोन यायच्या आधीचंही ठाऊक नाही, तर तिथूनच सांगते.

मी उभी राहिले आणि कुठलीही सूचना न पाळता, न थांबता, कुणाच्या डोळ्यांत न पाहता सांगून टाकलं. नवरा नाही. कधीच नव्हता. जुळी नाहीत. मेणबत्ती मी फक्त वीज गेल्यावर लावते. उतारा कंपनीचा होता, आणि "बरी आहेत" हे मात्र माझं.

मग शिंपीणबाई उठल्या.

"मी त्या पोरांसाठी रडले," म्हणाल्या. "बटणं नसलेल्या स्वेटरांसाठी. घरी जाऊन माझ्या पोराच्या सदऱ्याची बटणं तपासली. माझं रडू काय रेडिमेड होतं?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणूनच मला लाज वाटते."

"आणि सूप?"

"सूप फारच छान होतं."

कुणीतरी फिसकन हसलं. शिंपीणबाई हसल्या नाहीत. पर्स उचलून दारापर्यंत गेल्या. नर्सबाई आणि बसचालक त्यांच्या मागोमाग उठले. कुलूपवाले त्या नव्या कुलपाकडे बघत होते, जणू तेही आता खोटं ठरलं. ताई, त्या क्षणी मला खात्री झाली, की क्लास बंद. या वेळी हातगाडीसुद्धा लागणार नाही.

तेव्हा माझा फोन वाजला. तुझ्या लेकीचा नंबर, पण आवाज तुझा. इतक्या वर्षांनी. आणि पहिलं वाक्य काय, तर "मोठ्याने लाव. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मी दोनदा नाही सांगणार."

मी फोन टेबलावर ठेवला. दारातली माणसं दारातच थांबली. तुझा आवाज तसाच आहे, ताई, मागच्या बाकावरची कुजबूज बंद करणारा. तू सांगितलंस, ती माणसं अजून तुझ्याच शब्दांत एकमेकांना सांगताहेत: "मी थोरली. मशिनं मी विकली. हिला सांगितलं, काल शिकलेलं आज शिकवू नये. ते खोटं होतं. दुकानात आम्ही दोघी संगणक बघायला गेलो. हिने हात लावला आणि पाच मिनिटांत हसायला लागली. मी तो माउस हलवला तर तो टेबलावरून खाली. दुकानदार म्हणाला, आजी, सावकाश. मी आजी नव्हते. मला भीती वाटली. उद्या क्लासमध्ये ही शिकवणार आणि मी हिच्याकडून शिकणार. धाकटीकडून. ते मला झेपेना, म्हणून क्लासच मोडला. झालं. आता बसा सगळे खाली, आणि छोटी, शिकव."

आणि खट्कन फोन बंद.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला माझ्यावर विश्वास नव्हता. दुकानदाराच्या त्या "आजी"वर तर मी हसले होते, ताई. तुला ते लागलं हे माझ्या गावीही नव्हतं.

सगळ्यात आधी खाली बसल्या त्या शिंपीणबाई. तू सांगितलंस म्हणून. नंतर म्हणाल्या, "थोरल्या बाईंचा हुकूम मोडायची माझी टाप नाही." बसचालक बसले. नर्सबाईंची दवाखान्यात ड्युटी होती, त्या गेल्या, पण पुढच्या सोमवारी जागा धरून ठेवायला सांगून. एक जण मात्र सोडून गेला, त्याची फी मी परत केली. कुलूपवाल्यांनी हात वर करून विचारलं, "बाई, म्हणजे कुलूप काढायचं का?" मी म्हटलं, राहू द्या, आतला ऐवज खरा आहे.

पोस्टमास्तर निघताना एवढंच म्हणाले, "क्लास मोडायच्या थोडंच आधी त्या मला बटाटे म्हणाल्या होत्या, आठवतं? आज समजलं, तेव्हा कुणावर चिडलेल्या होत्या."

पडद्यावरच्या त्या पानावर मी काय घालावं ते अजून ठरत नाहीये. सध्या तिथे तू म्हणालीस तेवढंच आहे. मी तुला न विचारता लिहून घेतलं. नको असेल तर कळव.

तुझी,
छोटी

शुक्रवार, १७ मे

प्रिय ताई,

भाचीने कळवलं, तुला प्रवेश हवा आहे. व्हिडिओवरून, सोमवारच्या तुकडीत. आणि बहिणीची सवलत नको, पूर्ण फी भरणार. शिवाय तुझ्या अटी: तुला सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे नाहीत, हळू शिकवायचं, आणि माउस पडला तर कुणी हसायचं नाही.

वर्गापुढे अटी वाचून दाखवल्या. मंजूर. शिंपीणबाईंनी तुझ्यासाठी पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारी, फोन उभा करायला जाड पुस्तकांची चळत रचली आहे. कुलूपवाले म्हणतात, मांजरही आणतो, मग हसायचंच असेल तर त्याच्यावर हसता येईल.

आता माझ्या अटी. वेळेवर यायचं. "हे मला जमणार नाही" हे वाक्य वर्गात चालत नाही, त्याऐवजी "पुन्हा दाखव" म्हणायचं. यंत्राने सांगितलेलं खरं मानायचं नाही, तपासायचं. त्यात तू आमच्या सगळ्यांच्या पुढे असशील याची मला खात्री आहे. आजवर तू कुणाचं खरं मानलं आहेस?

पहिला गृहपाठ आजच देते. एक पत्र. विषय तुझ्या आवडीचा, तिथली खोली, खिडकी, भाची, तुझे गुडघे, काहीही. लांबी किमान दोन पानं. एआयकडून लिहून घेतलंस तर मला पहिल्या ओळीत कळेल. ते फार समजूतदार लिहितं, ताई. आधी नमस्कार करतं, मग माझ्या भावना समजून घेतं. तू आधी चुका काढशील.

वाट बघते.

तुझी कोच,
छोटी